कोणाच्या घड्याळात?

संकष्टीच्या दिवशी आपल्या घराघरांतून एक प्रश्न हमखास विचारला जातो : "आज चंद्रोदय किती वाजता?" भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्याचे उत्तर असते, पण ते एक नसते, गावागणिक निराळे असते. मुंबईचा चंद्रोदय वेगळा, सोलापूरचा वेगळा, नागपूरचा वेगळा. नागपुरात दिलेली लेक उपास सोडून हात धुते, तेव्हा मुंबईच्या तिच्या आईला अजून वीस-पंचवीस मिनिटे गच्चीवर आकाशाकडे डोळे लावून उभे राहावे लागते. दोघींचा चंद्र एकच आणि दोघींच्या मनगटावरची घड्याळेही एकच वेळ दाखवितात, पण त्यांच्या पायांखालची जमीन मात्र निरनिराळ्या वेळी चंद्रासमोर येते.

हिशेब अगदी साधा आहे. पृथ्वी चोवीस तासांत स्वतःभोवती एक फेरा करते, म्हणजे ३६० अंश फिरते. तेव्हा एका अंशाला चार मिनिटे लागतात आणि सहा अंशांना चोवीस. चोवीस मिनिटे म्हणजे आपली जुनी एक घटका. लग्नघरात घंगाळातल्या पाण्यावर तांब्याची एक वाटी तरंगत ठेवीत, तिच्या बुडाला बारीकसे भोक असे. पाणी भरून वाटी बुडाली की घटका भरली. ही वाटी ज्या गावात बुडे त्याच गावाचा काळ ती मोजी. सूर्य उगवला की मोजणी सुरू. शेजारच्या तालुक्यात किती घटका झाल्या याची चौकशी करण्याचे कोणाला कारणच नव्हते. कारण होते ते एका ज्योतिषाला. उज्जैनवरून जाणारी मध्यरेषा धरून ग्रहांचे गणित केलेले असे, आणि आपले गाव त्या रेषेच्या पूर्वेला की पश्चिमेला, किती दूर, हे पाहून त्याला 'देशांतर संस्कार' द्यावा लागे. वेळ सांगताना ती कोणत्या जागेची हेही सांगितले पाहिजे, हा विचार आपल्याकडे परका नव्हता. तो पंचांगात मुरलेला होता; बाजारात आला नव्हता एवढेच.

तो बाजारात आणला आगगाडीने. आणि ही गोष्ट सांगायला आमच्या दुधनीसारखे गाव शोधून सापडणार नाही, असे मी अभिमानाने म्हणतो.

दुधनी हे सोलापूर जिल्ह्याच्या अक्कलकोट तालुक्यातले, राज्याच्या अगदी काठावरचे गाव. येथे बाजारात तुरीचा भाव मराठीत विचारतात आणि कानडीत पाडून मागतात. सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आमचे स्टेशन आहे. गावाचा रेखांश ७६ अंश २२ कलांच्या आसपास. आपल्या देशाची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंशांच्या रेषेवरची, म्हणजे प्रयागच्या बाजूची. वजाबाकी केली तर सहा अंशांहून किंचित अधिक अंतर पडते. म्हणजे स्टेशनवरच्या घड्याळापेक्षा दुधनीचा सूर्य बरोबर एक घटका मागे! शाळेच्या अंगणात आम्ही दरवर्षी मुलांकडून काठी रोवून तिची सर्वांत आखूड सावली टिपून घेतो. एप्रिलच्या मध्याला ती सावली बारा वाजून चोवीस मिनिटांच्या सुमारास पडते. फेब्रुवारीत तिला बारा-अडतीस होतात आणि दिवाळीनंतर नोव्हेंबरच्या आरंभी ती बारा-आठलाच येऊन जाते, कारण पृथ्वीची वर्षभराची चाल एकसारखी नाही आणि तिचा आस कललेला आहे. मुलांना याचे मोठे नवल वाटते. "गुरुजी, मग खरे बारा कधी?" असे एखादे पोर विचारतेच.

हाच प्रश्न शे-दीडशे वर्षांपूर्वी मुंबईच्या लाटसाहेबांपासून गिरणीतल्या मजुरापर्यंत सगळ्यांना पडला होता.

जी. आय. पी. रेल्वे १८५३ मध्ये मुंबईहून ठाण्याला पोचली आणि १८६० मध्ये सोलापूरला. पुढे हीच वाट दुधनीवरून, भीमा-कृष्णेच्या मुलखातून रायचूरला गेली, आणि १८७१ मध्ये तेथे मद्रासकडून आलेल्या लोहमार्गाला मिळाली. मुंबई आणि मद्रास जोडली गेली. आता नकाशा पाहा. मुंबईचा रेखांश ७२ अंश ४९ कला, मद्रासचा ८० अंश १५ कला. दोन्ही शहरांच्या सूर्यांत सुमारे अर्ध्या तासाचा फरक. आणि या दोहोंच्या जवळजवळ ऐन मध्यावर दुधनी! दुधनीला माथ्यावर सूर्य आला की मुंबईत बाराला चौदा मिनिटे कमी असतात आणि मद्रासला सव्वाबारा होऊन गेलेले असतात. त्या काळी गावोगाव आपापली सौरवेळ चाले. मुंबईची वेळ दाखविणारे घड्याळ घेऊन एखादा उतारू येथे उतरला असता आणि त्याला मद्रासची वेळ दाखविणारे घड्याळ घेतलेला दुसरा भेटला असता, तर दोघांत अर्ध्या तासाचा वाद लागला असता आणि गावच्या ज्योतिषाने दोघांनाही चुकीचे ठरविले असते. खरे पाहता तिघेही बरोबर असते.

पण आगगाडी चालविणाऱ्याला तिघे बरोबर असून भागत नाही. रुळ एक, त्यावर समोरासमोरून येणाऱ्या गाड्या दोन. त्यांच्या वेळा एकाच घड्याळाच्या असल्या पाहिजेत. म्हणून देशभरच्या रेल्वेत मद्रासची वेळ रूढ झाली. मद्रासला चांगली वेधशाळा होती, तेथून तारेने वेळ कळविण्याची सोय होती, आणि मुंबई व कलकत्ता यांच्या मधोमध ते शहर पडत होते. कोणाचाच फार पक्षपात नको म्हणून ही तडजोड. लोक तिला 'मद्रास टाइम' किंवा 'रेल्वे टाइम' म्हणत.

मुंबईकरांना मात्र हे मानवले नाही. १८८१ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या सरकारने मुंबईतल्या सरकारी कामकाजाला मद्रास टाइम लावला. शहरात असा गिल्ला झाला की दोन वर्षांत, १८८३ मध्ये, तो हुकूम मागे घ्यावा लागला. त्या भांडणातला एक प्रसंग मोठा मासलेवाईक आहे. विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरवरचे घड्याळ कोणती वेळ दाखविणार? विद्यापीठाच्या मंडळींनी प्रचंड बहुमताने मुंबईची वेळ ठरविली. तेव्हा सरकारने धमकी दिली की, असे असेल तर रात्री घड्याळ उजळण्याचा खर्च आम्ही देणार नाही. बिनसरकारी वेळेवर सरकारी तेल कशाला जाळायचे? पुढे १ जानेवारी १९०६ पासून आजची प्रमाणवेळ आली. ती मुंबईच्या सूर्याच्या एकोणचाळीस मिनिटे पुढे. त्याच महिन्यात मुंबईतल्या जेकब ससून गिरणीच्या कामगारांनी तिच्याविरुद्ध दंगा केला. त्यांच्या बाजूने पाहिले तर घड्याळाचा काटा पुढे सरकविणे म्हणजे त्यांना एकोणचाळीस मिनिटे आधी, अंधारातच, अंथरुणातून उठविणे होते. मुंबईत जुनी वेळ पाळण्याचा हट्ट स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे टिकला.

या हट्टाला पुष्कळ जण हसतात. मला स्वतःला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. आपल्या गावची वेळ पाळणे हा काही गुन्हा नव्हे. दोन घड्याळांत फरक असला म्हणून काही बिघडत नाही. बिघडते ते कधी? तो फरक किती हे ठाऊक नसते तेव्हा. किंवा कागदावर 'सकाळी दहा' असे लिहिलेले असते आणि कोणाचे दहा ते लिहिलेले नसते तेव्हा. मुंबई आणि मद्रास यांच्यातला अर्धा तास सर्वांना पाठ होता, म्हणून त्याने गाड्या आदळल्या नाहीत. धोका असतो तो दोन-तीन मिनिटांच्या निनावी फरकात.

हे मी रेल्वेच्या वह्यांवरून सांगतो. प्रत्येक स्टेशनात गाड्यांचे एक रजिस्टर असते. पुढच्या स्टेशनाकडे 'लाइन क्लिअर' किती वाजता मागितली, किती वाजता मिळाली, गाडी किती वाजता सुटली, पलीकडे पोचल्याचा निरोप किती वाजता आला, हे सारे त्यात लिहायचे. तिकडच्या स्टेशनातही असेच रजिस्टर. म्हणजे एकच निरोप दोन वह्यांत दोन घड्याळांनी नोंदला जातो. काही अपघात झाला की दोन्ही बाजूंची रजिस्टरे ताब्यात घेतात आणि ओळीला ओळ लावून पाहतात. स्टेशनातली घड्याळे भरकटू नयेत म्हणून रेल्वेच्या नियमपुस्तकात एक कलम आहे : सरकारने ठरविलेली प्रमाणवेळ दररोज १६ वाजता सर्व प्रमुख स्टेशनांना कळविली पाहिजे. दुपारी चार वाजता सगळ्या मार्गावर एकदाच घड्याळे लावून घ्यायची. तरीही पुढच्या चोवीस तासांत एखादे घड्याळ पळते, एखादे रेंगाळते.

मग दोन वह्यांतला फरक शोधायचा कसा? यात एक सुरेख युक्ती आहे. घरातल्या मुलांना कागद-पेन्सिल घेऊन करायला सांगण्यासारखी. समजा, दुधनीच्या वहीत लिहिले आहे की शेजारच्या बोरोटीला निरोप १० वाजून ५ मिनिटांनी पाठविला आणि उत्तर १० वाजून ७ मिनिटांनी आले. बोरोटीच्या वहीत तोच निरोप १० वाजून ९ मिनिटांनी पोचला आणि त्याच मिनिटाला उत्तर गेले. जाताना चार मिनिटांचा फरक दिसतो, येताना दोन मिनिटांचा. चार आणि दोन यांची सरासरी तीन. तेव्हा बोरोटीचे घड्याळ दुधनीपेक्षा तीन मिनिटे पुढे, आणि निरोपाला प्रत्यक्ष जायला एक मिनिट, यायला एक मिनिट. कोणी या गावाहून त्या गावाला घड्याळ हातात घेऊन जायला नको! अट एकच : निरोपाला जायला आणि यायला सारखाच वेळ लागला पाहिजे. तो सारखा नसेल तर जेवढी तफावत तिच्या निम्मी चूक उत्तरात शिरते, आणि ती चूक नुसत्या वह्या पाहून कधीच उघडकीस येत नाही.

ही युक्ती काही स्टेशनमास्तरांनी काढलेली नव्हे. १८७० नंतरच्या दशकात आपल्या सर्व्हे खात्याच्या कॅम्पबेल आणि हेविसाइड या अधिकाऱ्यांनी हिंदुस्थानातल्या शहरांचे रेखांश तारेने ठरविले, तेही असेच. एका शहरातून रात्री दुसरीकडे इशारे पाठवायचे, मग तिकडून इकडे पाठवायचे आणि सरासरी घ्यायची, की तारेतून जायला लागणारा वेळ दोन्ही बाजूंनी कटून जातो आणि हाती राहतो तो दोन शहरांच्या आकाशांतला शुद्ध फरक. पुढे १९८५ मध्ये अमेरिकेतल्या डेव्हिड मिल्स यांनी संगणकांची घड्याळे एकमेकांशी जुळवून घेण्याची पद्धत बांधली, तिच्या पोटातही हेच जाण्या-येण्याचे गणित आहे. आपल्या खिशातला फोन वेळ दाखवितो तो असल्याच हिशेबांच्या आधाराने.

आतापर्यंत गाड्यांचे झाले. पण ज्यांना आगगाडी पकडायची नव्हती, अशा माणसांनी घड्याळांचा हा मेळ आधीच घालायला घेतला होता, आणि त्यात आपल्या मुंबईच्या कुलाब्याचा वाटा मोठा आहे.

कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये काढली ती जहाजांच्या घड्याळांसाठी. १८४१ पासून तेथे चुंबकसूचीचे वेध सुरू झाले. त्यामागे जर्मनीतले थोर गणिती गाउस होते. पृथ्वीची चुंबकशक्ती क्षणोक्षणी थोडी थोडी हलते, हे त्या वेळी माहीत झाले होते. पण ही हालचाल एका गावापुरती की साऱ्या पृथ्वीची? एका ठिकाणी हजार वर्षे बसून पाहिले तरी याचे उत्तर मिळणार नाही. म्हणून गाउस आणि त्यांचे सहकारी वेबर यांनी ठरविले की, नेमलेल्या दिवशी सर्व वेधशाळांनी दर पाच मिनिटांनी सूची वाचायची, आणि ती आपल्या गावच्या वेळेने नव्हे तर सगळ्यांनी गटिंगेन या त्यांच्या गावच्या वेळेने. पुढे इंग्रजांनी हे काम टोरांटो, सेंट हेलेना, केप, टास्मानिया इतके पसरविले. कंपनीच्या वेधशाळाही त्यात आल्या. गटिंगेन आणि मुंबई यांच्या वेळांत चार तासांहून अधिक अंतर. तेव्हा जर्मनीतल्या माणसाची मध्यरात्र झाली की येथल्या माणसाने पहाटे चार वाजून गेल्यावर दिव्यापाशी बसून पहिला आकडा लिहायचा!

त्या काळात प्रोफेसर ऑर्लेबार यांच्या हाताखाली कुलाब्याला एक मराठी तरुण काम करीत होता. तो म्हणजे केरो लक्ष्मण छत्रे, पुढे सारा महाराष्ट्र ज्यांना केरूनाना म्हणून ओळखू लागला ते. १८६० मध्ये त्यांनी मराठीत 'ग्रहसाधनाची कोष्टके' छापली आणि पंचांगाच्या शुद्धीसाठी आयुष्य घातले. पंचांगातला देशांतर संस्कार आणि वेधशाळेतली गटिंगेनची वेळ ही एकाच माणसाच्या हाताखालून गेली, याचा मला फार आनंद वाटतो. दोन्ही विद्या एकच गोष्ट सांगत होत्या.

या खटाटोपाचे फळ १८५९ मध्ये मिळाले. पण ते फळ आहे हे कळायला पुढे बराच काळ जावा लागला. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडात रिचर्ड कॅरिंग्टन दुर्बिणीने सूर्यावरचे डाग कागदावर काढीत असताना डागांवर एकाएकी दोन पांढरेशुभ्र प्रकाशाचे ठिपके उमटले आणि पाच मिनिटांत विझले. त्यांनी तत्काळ घड्याळ पाहिले : ग्रीनिचचे सकाळी ११ वाजून १८ मिनिटे. दुसऱ्या दिवशी जगभर चुंबकसूच्या वेड्यासारख्या हलल्या, तारयंत्रांतून ठिणग्या उडाल्या. मुंबईला २ सप्टेंबरच्या सकाळी कुलाब्यातले वेधकरी नेहमीप्रमाणे सूची वाचीत होते. त्यांना सूर्यावरच्या त्या ठिपक्यांची वार्ता असण्याचे कारण नव्हते. इंग्लंड-हिंदुस्थानची तार तेव्हा सुरूच झालेली नव्हती. सूची घसरू लागली तेव्हा त्यांनी आपले काम केले. तासातासाच्या मधल्या मिनिटांनाही आकडा लिहिला आणि प्रत्येक आकड्यासमोर वेळ लिहिली.

१९१० मध्ये वेधशाळेचे पहिले हिंदी संचालक नानाभाई मूस यांनी १८४६ ते १९०५ पर्यंतचे आकडे ग्रंथरूपाने छापले. २००३ मध्ये अमेरिकेतले ब्रूस त्सुरुतानी आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लाखिना व त्यांचे सहकारी यांनी कुलाब्याचे ते जुने वेध पुन्हा तपासले. मुंबईची आडवी चुंबकशक्ती त्या सकाळी सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरली होती. एवढ्या मोठ्या घसरणीची नोंद विरळाच. पण मला महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. मुंबईची वेळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे, हे ठाऊक असल्यामुळे कॅरिंग्टनच्या वहीतली ओळ आणि कुलाब्याच्या वहीतली ओळ शेजारी शेजारी ठेवता आली. सूर्यापासून निघालेला तो लोट साडेसतरा-अठरा तासांत पृथ्वीवर येऊन आदळला, हे त्या मेळातून निघते. असे लोट एरवी येथवर यायला दोन-तीन दिवस घेतात. कुलाब्याच्या माणसाने वेळ लिहिली नसती, किंवा कोणत्या घड्याळाची ते पुढच्यांना कळले नसते, तर त्या सकाळच्या आकड्यांचे मोल एखाद्या जुन्या वाण्याच्या चोपडीइतकेच उरले असते.

मूस यांची चिकाटी एका बाबतीत विशेष वाखाणण्यासारखी आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे कळल्यावर चुंबकवेध अलिबागला हलविणे भाग पडले. त्यांनी १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग येथे एकाच वेळी वेध घेतले, आणि दोन जागांतला फरक ठरवून मगच कुलाब्याचे काम थांबविले. दागिना एका सोनाराकडून दुसऱ्याकडे देताना दोघांच्या तराजूंवर तोलून घ्यावा, तसे. नाहीतर साठ वर्षांची माळ मधेच तुटली असती.

कुलाब्याला १८९८ मध्ये भूकंप टिपणारे मिल्न यांचे यंत्र बसले. भूकंपात तर वेळ हेच सर्वस्व. १२ जून १८९७ रोजी आसामात महाभयंकर भूकंप झाला, त्याची चौकशी ओल्डहॅम यांनी केली. धक्का कोठे केव्हा पोचला हे ठरविण्यासाठी त्यांनी रेल्वे स्टेशने आणि तारऑफिसे येथल्या घड्याळांचाही आधार घेतला. खेड्यातल्या माणसाने सांगितलेली वेळ आणि रोज तारेने मिळविलेली वेळ यांत फरक असणारच. दूर युरोपातल्या यंत्रांवर त्याच भूकंपाच्या ज्या रेघा उमटल्या, त्यांवरून त्यांनी लाटांचे निरनिराळे प्रकार वेगळे काढले, आणि १९०६ मध्ये पृथ्वीच्या पोटात गाभा असल्याचा पुरावा पुढे ठेवला.

आमच्या बाजूला हे सारे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे घरात आले. अनंत चतुर्दशीची विसर्जने आटोपून माणसे नुकती कोठे पाठ टेकीत होती. किल्लारीला धक्का बसला तो चार वाजायला चार मिनिटे असताना. दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. किल्लारी येथून सरळ रेषेत ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर असेल. मी तेव्हा शाळकरी पोर होतो. भांडी खणखणली, सगळे अंगणात धावले, आणि थोड्या वेळाने गल्लीतले जाणते पुरुष किती वाजता झाले यावर बोलू लागले. आमच्या घड्याळात चार वाजून गेले होते, शेजारच्या काकांच्या पावणेचार. जो तो आपलेच खरे म्हणत होता. भूकंपाची पहिली लाट खडकातून सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर धावते. म्हणजे एखाद्या यंत्राचे घड्याळ एका सेकंदाने चुकले तर भूकंपाची जागा सांगताना दोन-तीन गावे इकडची तिकडे होतात. किल्लारीच्या आसमंतात त्या रात्री अशी यंत्रे नव्हती. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने आणि इतरांनी ती नंतर आणून मांडली. मागून येणारे लहान धक्के नेमके कोठे, किती खोल होतात हे त्यांच्या नोंदी एकमेकींशी जुळविल्यावर कळले, आणि जमीन कोठल्या भेगेवर फाटली याचा अंदाज बांधता आला. गल्लीतल्या आमच्या घड्याळांचा यात काडीचाही उपयोग नव्हता. त्यांच्यातला फरक कोणी लिहून ठेवलेला नव्हता.

आमच्या शाळेतून गेलेला एक विद्यार्थी हल्ली पुण्याला यंत्रमानवाच्या कामावर आहे. गेल्या सुट्टीत तो आला होता. शेतात तुरीच्या ओळींतून फिरून तण काढणारे यंत्र ते बनवीत आहेत. मी विचारले, "यात सर्वांत अवघड काय?" मला वाटले तो म्हणेल, तण आणि तूर ओळखणे. तो म्हणाला, "गुरुजी, वेळ जुळविणे." त्या यंत्राला डोळे अनेक. एक कॅमेरा सेकंदाला तीस चित्रे काढतो. लेसरच्या किरणाने अंतर मोजणारे दुसरे यंत्र सेकंदाला दहा फेरे घेते. चाकांचा हिशेब निराळा, उपग्रहाकडून मिळणारी जागा निराळी. प्रत्येकाचा निरोप वेळेचा शिक्का घेऊन येतो, पण कोणी आधी पोचतो, कोणी उशिरा. मग संगणकातला कारकून प्रत्येकाची एक रांग लावतो आणि ज्यांचे शिक्के एकमेकांच्या सर्वांत जवळ आहेत असे निरोप एकत्र बांधून पुढे देतो. शिक्के तंतोतंत जुळावेत असा हट्ट धरला तर बहुतेक वेळी जोडीच लागत नाही; म्हणून किती फरक चालवून घ्यायचा ते आधी ठरवून द्यावे लागते. रांग फार वाढली की सर्वांत जुना निरोप टाकून देतात.

मी म्हटले, "अरे, हे तर आमचे लाइन क्लिअरचे रजिस्टर!"

तो हसला. पण पुढे त्याने जे सांगितले ते ऐकून मी गप्प झालो. म्हणाला, शिक्का केव्हाचा हेच पुष्कळदा कळत नाही. कॅमेऱ्याने चित्र काढले त्या क्षणाचा, की ते संगणकात पोचले त्या क्षणाचा? स्टेशनमास्तराने गाडी डोळ्यांनी पाहून वेळ लिहिली, की पॉइंट्समनने येऊन सांगितल्यावर लिहिली, त्यातला प्रकार. यंत्र सेकंदाला एक मीटर चालते. चित्राचा शिक्का एक पंचमांश सेकंद उशिरा पडला तर तण जेथे दिसले तेथून पाते वीस सेंटिमीटर चुकते आणि उभे तुरीचे झाड कापते. अंदाजाने वेळ जुळविणारी यंत्रे काही चाचण्यांत अशीच झाडे कापीत गेली. शेतकऱ्याला त्याच्या ओळीतले एक झाड म्हणजे काय, हे दुधनीच्या मुलाला सांगावे लागत नाही.

आता त्यांनी सगळ्या डोळ्यांना एकच तार जोडली आहे. उपग्रहाकडून दर सेकंदाला एक ठोका येतो, तो त्या तारेने सर्वांना एकदमच पोचतो, आणि जो तो आपले घड्याळ त्यावर लावून घेतो. रेल्वेचा चार वाजताचा इशारा दिवसातून एकदा, हा दिवसातून श्याऐंशी हजार चारशे वेळा. बांधावरच्या आंब्याच्या दाट सावलीत शिरले की उपग्रह दिसेनासे होतात. तेवढा वेळ यंत्र आपल्या पोटातल्या घड्याळावर चालते, आणि पलीकडे उन्हात आल्यावर दोन घड्याळांत किती फरक पडला होता तो आकडा आपल्या वहीत लिहून ठेवते.